जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये रेसिंगचा फ्युएल सेल बसवताना

बापूंच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची पेट्रोलची टाकी सोडवून आम्ही फरशीवर उलटी ठेवली आणि तळाच्या शिवणीवर मी सहज अंगठा दाबला, तर पत्रा पापडासारखा आत गेला. गाडी १९६६ सालची. वरून रंग असा की बडोद्याच्या दांडिया बाजारात उभी केली तर दहा मिनिटांत भोवती गर्दी जमते. पण खाली, मागच्या आसाच्याही मागे, डिकीच्या तळाला लटकलेली ही टाकी आतून गंजून पोखरली होती. मागून कुणी धडकलं तर पहिला मार तिलाच बसणार. आणि ही गाडी आम्ही कोईमतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर न्यायची म्हणत होतो.

तेव्हा फ्युएल सेल बसवायचं ठरलं. हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल वेगळा, त्याच्याशी इथे संबंध नाही. रेसिंगमधला फ्युएल सेल म्हणजे पत्र्याचा डबा, त्याच्या आत मजबूत कापडावर रबर चढवलेली पिशवी आणि पिशवीच्या आत स्पंजसारखा सच्छिद्र फोम. डबा चेपला तरी पिशवी वाकते, फाटत नाही. फोम पेट्रोलला एकदम हिंदकळू देत नाही आणि आतल्या वाफेचा भडका पसरू देत नाही. ही गोष्ट माणसं गमावून शिकलेली आहे. २४ मे १९६४ रोजी अमेरिकेत शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स हे रेसर भाजले आणि जुलैत गेले. त्यांच्या अपघाताला आठवडाही झाला नव्हता तोच, ३० मेला, इंडियानापोलिसला एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड आगीत गेले. त्यानंतर अमेरिकेतल्या शर्यतींत हे सेल आले आणि १९७० पासून फॉर्म्युला वनमध्ये रबरी पिशवीची टाकी सक्तीची झाली.

आम्ही केलेलं काम पुढे क्रमाने लिहितो. तुमची गाडी दुसरी असेल तर मापं बदलतील, क्रम बदलणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात: सगळं लक्ष आणि सगळा पैसा सेलवर जातो, आणि तो धरून ठेवणारा सांगाडा, त्याचा व्हेंट (हवा आत-बाहेर जायची वाट) आणि केबिन-डिकीमधला पत्रा ही तिन्ही कामं शेवटच्या रविवारी घाईत उरकली जातात. आगीतून माणूस वाचतो तो या तिघांमुळे.

आधी कागदपत्र

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि मूळ बनावटीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर आधी आरटीओत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बापूंची गाडी आता फक्त ट्रकवर चढून ट्रॅकवर जाते, म्हणून आम्ही हे काम हातात घेतलं. शर्यतीत उतरणार असाल तर एफएमएससीआय या भारतातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या त्या वर्षाच्या नियमांत तुमच्या वर्गाला कोणता सेल चालतो तेही खरेदीच्या आधी बघा.

सेल निवडताना

एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे तीन दर्जे आहेत: एफटी३, एफटी३.५ आणि एफटी५. आकडा वाढतो तशी पिशवी जास्त बळकट आणि जास्त महाग. क्लबच्या शर्यतींना एफटी३ बहुधा पुरतो. पिशवीवर तयार झाल्याची तारीख छापलेली असते आणि त्या तारखेपासून ५ वर्षं ती ग्राह्य धरतात. त्यानंतर बनवणाऱ्या कंपनीकडूनच तपासून घेतली तर आणखी २ वर्षं मिळतात. मुदत तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजायची नाही, म्हणून परदेशातून वापरलेला सेल स्वस्तात मिळत असला तरी आधी त्या छापाचा फोटो मागवा.

ऑनलाइन ‘फ्युएल सेल’ म्हणून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे डबे मिळतात, आत फोमही असतो. पिशवी नसते. ती नुसती फोम घातलेली टाकी आहे. चिरली की सगळं पेट्रोल जमिनीवर. असला डबा घेऊन सुरक्षित झाल्याचं समाधान मानण्यापेक्षा मूळ मापाची नवी कोरी टाकी बसवलेली बरी.

आकाराचा मोह आवरा. अमेरिकन सेल गॅलनच्या मापात येतात: ८ गॅलन म्हणजे ३०.३ लिटर, १२ गॅलन म्हणजे ४५.४ लिटर. बापूंना १२चा हवा होता. “अहो बापू, आपण वीस मिनिटांच्या फेऱ्या मारणार,” मी म्हटलं, “पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला अर्धा लिटर पितं. वीस मिनिटांना दहा लिटर.” ८ वर ठरलं. फोम स्वतः तीनेक टक्के जागा खातो आणि वर फुगायला जागा ठेवावी लागते, तेव्हा प्रत्यक्षात २८ लिटर धरा. बडोद्यात मे महिन्यात बंद डिकीत पेट्रोल वीस अंशांनी सहज तापतं, आणि तेवढ्याने २८ लिटरचं अर्धा लिटर जास्त होतं. काठोकाठ भरलेला सेल ते अर्धा लिटर व्हेंटमधून बाहेर टाकणारच.

इथेनॉलचं विसरू नका. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आलं. जुन्या पद्धतीचा काही फोम अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि त्याचा चुरा थेट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. मागणी नोंदवतानाच अल्कोहोल चालणारा फोम आणि अल्कोहोल चालणारी पिशवी असं लिहून द्या.

जुनी टाकी काढणं

बॅटरी सर्वांत आधी सोडा. या वर्षांच्या एमजीबीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, पत्र्याच्या झाकणाखाली असतात. दोन्ही सोडा. काम उघड्यावर करा, खड्ड्यावर नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात पाण्यासारखी साचते आणि हिवाळ्याच्या पहाटेसुद्धा ठिणगीची वाट बघत असते. पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, त्यापुढे नाही.

रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची. एका वर्कशॉपमध्ये ‘तीनदा पाण्याने धुतलीये’ म्हणून जुनी टाकी गॅसने जोडायला घेतली, तेव्हा मी दारात उभा होतो. टाकीचं झाकण छपराच्या पत्र्याला लागून परत खाली आलं. सुदैवाने कुणाला लागलं नाही. शिवणीत अडकलेलं पेट्रोल पाण्याने निघत नाही. जुन्या टाकीला वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, हातोडाही नाही.

पुठ्ठ्याचा सेल आणि लोखंडी सांगाडा

सेल यायच्या आधी त्याच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, वर फिटिंगच्या उंचीचे पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा आणि तो डिकीत ठेवून बघा. आमचा खोका छान बसला, पण डिकीचं झाकण लावताना व्हेंटच्या जागचा तुकडा चुरगळला. तो दोन बोटं पुढे सरकवला आणि प्रश्न मिटला. हेच सेल आल्यावर कळलं असतं तर झाकणाची आतली पट्टी कापावी लागली असती. मागच्या पत्र्यापासून निदान १०० मिलिमीटर जागा सोडा, म्हणजे मागून ठोकर बसली तर चेपायला वाव राहतो. सेल आसाजवळ, गाडीच्या दोन्ही बाजूंच्या मधोमध यावा. गुरुत्वमध्य खाली यावा म्हणून काही जण डिकीचा तळ कापून सेल खाली उतरवतात. ३० लिटरसाठी मी हे करणार नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीचाच पत्रा भार घेतो, आणि ज्या तळावर विसंबायचं तोच कापायचा हे मला पटत नाही.

आता भार मोजा. ३० लिटर पेट्रोल २२ किलो, डबा आणि फिटिंग धरून १० किलो, एकूण ३२. जोरदार धडकेत २५ पट बल धरलं तर ८०० किलो. २५ बाय ३ मिलिमीटरची साधी लोखंडी पट्टी एकेका टोकाला याच्या दुप्पट भार पेलते, म्हणजे पट्टी तुटत नाही. ज्या एक मिलिमीटरच्या पत्र्यात बोल्ट घातलाय तो पत्रा फाटतो आणि बोल्ट वायसरसकट वर येतो. म्हणून जाड पट्टी शोधत बसू नका, बोल्टखालचा पत्रा बळकट करा.

मकरपुरा जीआयडीसीतल्या मिस्त्रींकडून आम्ही २५ मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाड चौकोनी पाईपची चौकट करून घेतली. तिचे चार पाय बॉडीच्या तळातल्या दोन्ही बळकट दांड्यांवर येतात, प्रत्येक पायाखाली पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने ७५ बाय ७५ बाय ३ मिलिमीटरची पाटी आणि ८.८ दर्जाचा एम१० बोल्ट, लॉकनटसकट. पाटीचे कोपरे गोल करून घ्या, टोकदार कोपरा धडकेत पत्रा कापतो. मिस्त्रींना हे जरा जास्तच वाटलं. “साहेब, यावर गाडी उचलता येईल,” म्हणाले. मग आम्ही खरंच चौकटीला साखळी लावून गाडीचा मागचा भाग चेनब्लॉकने उचलला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. वेल्ड तडकला नाही, पत्रा वाकला नाही. सगळं वेल्डिंग सेल गाडीत यायच्या आधी संपलं पाहिजे.

सेलवरून आडव्या-उभ्या मिळून चार पट्ट्या. पट्टी आणि डबा यांच्यामध्ये ३ मिलिमीटरचं रबर, नाहीतर वर्षभराच्या थरथरीने पट्टी डब्याचा कोपरा खाते.

केबिन आणि डिकीमधला पत्रा

रोडस्टरमध्ये, म्हणजे अशा उघड्या छपराच्या गाडीत, डिकी आणि सीटच्या मधला पत्रा अखंड वाटतो. रात्री गॅरेजचा दिवा घालवून डिकीत टॉर्च लावा आणि सीटवर बसून मागे बघा. आमच्या गाडीत नऊ ठिकाणी उजेड आला: वायरिंगची भोकं, कुणीतरी कधीतरी स्पीकरसाठी पाडलेली दोन, आणि कोपऱ्यातली बोटभर फट. त्यातून जसा उजेड येतो तशीच ज्वाळा येते. भोकांवर १ मिलिमीटर पोलादी पत्रा रिव्हेट करून कडेने आगीत टिकणारं सीलंट भरा. वायर जिथून जाते तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं), आणि ग्रोमेटभोवतीही सीलंट. नंतर पुन्हा टॉर्च. सीटवरून पूर्ण काळोख दिसेपर्यंत हे काम संपलेलं नाही. वरचं छप्पर उघडं असलं तरी या पत्र्याचं महत्त्व कमी होत नाही, वेगात मागची हवा उलटी केबिनमध्येच ओढली जाते.

व्हेंट

पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी, आणि गाडी उलटली तर त्याच वाटेने पेट्रोल बाहेर येता कामा नये. ही दोन कामं व्हेंट करतो. सेलच्या झाकणावर गोळी असलेला रोलओव्हर व्हॉल्व्ह येतो. बसवण्याआधी तो हातात घ्या. सरळ धरून तोंडाने फुंका, हवा गेली पाहिजे. उलटा करा, आत खट्ट आवाज येतो. आता फुंका, हवा अडली पाहिजे. आडवा धरूनही बघा. काही व्हॉल्व्ह आडवे धरले की गोळी मधेच लोंबते आणि थोडी हवा सोडतात. म्हणून फक्त व्हॉल्व्हवर न राहता पाईपचाही वेढा हवा: झाकणातून निघून वर, सेलच्या डोक्यावरून दुसऱ्या बाजूला, तिथून खाली आणि तळातून बाहेर. असा वेढा असला की गाडी कोणत्याही कुशीवर पडली तरी पाईपचा काही भाग पेट्रोलच्या पातळीच्या वर राहतो.

पाईपचं बाहेरचं टोक सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, चाकाच्या चिखलापासून लांब. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीत मी हा पाईप आखूड पडला म्हणून डिकीतच संपवला होता. दुपारी उन्हात डिकी उघडली आणि आलेला वास अजून आठवतो. डिकीतला दिवा त्याच झाकणाच्या स्विचवर लागत होता. त्या दिवशी संध्याकाळी पाईप तळातून बाहेर काढला आणि दिवा कायमचा काढून टाकला.

टोकाला बारीक पितळी जाळी लावा. आपल्याकडे कुंभारीण माशी असल्या नळीत आठवड्याभरात मातीचं घर करते. व्हेंट तुंबला की पंप सेलमध्ये निर्वात करतो, पिशवी डब्याच्या भिंतीपासून सुटून आत ओढली जाते आणि इंजिन दहा मिनिटांनी गुदमरून बंद पडतं. टोपण उघडताना सुस्कारा ऐकू आला तर आधी व्हेंट बघा, कार्बोरेटर नंतर.

झाकणाची पाटी, नळ्या, पंप

झाकणाची पाटी २४ छोट्या नटांवर बसते. गोटी पाना जोरात फिरवायची ही जागा नव्हे. कंपनीच्या कागदावरचा टॉर्क बघा, समोरासमोरचे नट धरत तीन फेऱ्यांत आवळा. सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि जेटपर्यंत पोचतं. पहिलं पेट्रोल भरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्क बघा. रबर बसतं आणि नट सैल पडतात, आमचे २४ पैकी १७ थोडे फिरले.

पाटीपासून आणि भरण्याच्या नळीपासून चासीपर्यंत विणलेली तांब्याची अर्थिंग पट्टी हवी. रबरी पिशवी वीज वाहून नेत नाही, पेट्रोल ओतताना तयार झालेला भार कुठेतरी जायला हवा. रंग खरवडून जोडा आणि मल्टीमीटरवर १ ओहमच्या आत आहे का बघा.

नळ्या केबिनमधून नेऊच नका, खालून न्या. इथेनॉल चालणारी होज, प्रत्येक फुटाला रबर लावलेली क्लिप, सायलेन्सरपासून दूर. पंप सेलच्या पातळीला किंवा खाली, कारण हे पंप ढकलतात चांगलं, ओढतात वाईट. आधी जाड जाळीचा फिल्टर, मग पंप, मग बारीक. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरला अडीच-तीन पीएसआय पुरतात. जास्त दाब दिला तर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं.

१९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजचे इलेक्ट्रॉनिक पंप उलट्या जोडणीत पहिल्याच क्षणी जळतात. आधी गाडीची अर्थ कोणती ते मीटर लावून बघा. पंपाच्या वायरमध्ये धडक बसताच तुटणारा इनर्शिया स्विच घाला आणि बाहेरच्या मुख्य कटऑफने पंपही बंद होतो ना, ते इंजिन चालू असताना तपासा.

गळती तपासणं, पेट्रोलच्या आधी

यासाठी गवंड्याचा लेव्हल पाईप लागतो, तीन-चार फूट पारदर्शक नळी. यू आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, निळीचे दोन थेंब टाका म्हणजे पातळी दिसते. एक टोक सेलच्या एका फिटिंगला जोडा, बाकीची तोंडं बंद, आणि दुसऱ्या फिटिंगवरच्या नळीतून तोंडाने हळूहळू फुंकून ती चिमटा. दोन्ही पातळ्यांत १५ सेंटीमीटरचा फरक पुरे, तो साधारण ०.२ पीएसआय होतो. कॉम्प्रेसर जवळही आणू नका. या नळीचा आणखी एक फायदा असा की दाब जास्त झाला तर पाणी उडून जातं, पिशवीला इजा होत नाही.

अर्धा तास थांबा. पहिल्यांदा आमचं पाणी वीस मिनिटांत तीन सेंटीमीटर वर चढलं, आणि बापू म्हणाले, “अरे, हवा आपोआप वाढली की काय?” गॅरेजच्या दारातून ऊन सेलवर आलं होतं. आतली हवा एका अंशाने तापली तरी पातळी साडेतीन सेंटीमीटरपर्यंत हलू शकते. याचा दुसरा अर्थ असा की ऊन येत असताना खरी गळतीसुद्धा झाकली जाते. म्हणून ही तपासणी पहाटे, सावलीत, पंखा बंद करून करा आणि जोडीला प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. दुसऱ्या दिवशी सहा वाजता पाणी हललं नाही, पण सेंडरच्या (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) एका स्क्रूवर मोहरीएवढा बुडबुडा हळूच फुगत होता. वायसर बदलला.

पहिलं पेट्रोल

उघड्यावर, दोन अग्निशामक दोन बाजूंना, डबा अर्थिंगला जोडून आधी फक्त ५ लिटर. खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग नसेल तर कार्बोरेटरकडची नळी सोडून धातूच्या डब्यात घ्या आणि पंप चालवा: मिनिटाला १ लिटर आलं तर या इंजिनाला दुपटीने पुरतं. पंप कोरडा पडेपर्यंत चालवून किती पेट्रोल निघालं ते मोजा, उरलेलं म्हणजे तुमचा न वापरता येणारा साठा. आमचा सव्वा लिटर निघाला. मग ५-५ लिटर भरत पेट्रोलच्या काट्याची जागा कागदावर लिहून ठेवा, फोममुळे आत काठी घालून बघता येत नाही.

पहिल्या दोन तासांच्या वापरानंतर दोन्ही फिल्टर बदला, नव्या फोमचा थोडा चुरा येतोच. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून टाका. इथेनॉल व्हेंटमधून येणारा ओलावा ओढून घेतं आणि पाणी तळाला वेगळं पडतं. दर हंगामाआधी पाटीचे नट, व्हेंटची जाळी, अर्थिंगचा ओहम आणि चार बोल्ट बघायचे. पिशवीची तारीख आम्ही डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने मोठ्या आकड्यांत लिहिली आहे, आणि तिच्याखाली ती बदलायची तारीख. बापू डिकी उघडतात तेव्हा आधी तीच वाचतात.